माळावरचं पावणं

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ई-मेल ग्रुपवर शिस्तीचा दंडुका ग्रुप चालवणाऱ्या साहेबांच्याच हातात होता. कुणी पाखराला त्रास देऊन काढलेला घरट्याचा फोटो टाकला, की शाहूपुरीतल्या सायबर कॅफेत बसून ते असे कडाडत, की कीबोर्डाला घाम फुटावा. स्वतःच्या तोंडात मात्र तीळ भिजत नसे. रंकाळा तलावावर नवं बदक उतरलं, तर ग्रुपच्या आधी चहाच्या गाड्याला कळायचं.

एका हिवाळ्यात त्यांनी मला गारगोटीकडच्या माळावर नेलं. गवतात आखूड कानांचं घुबड डोळे मिटून बसलेलं! आम्ही दोघंही ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

"टाका की ग्रुपवर!" मी कुजबुजलो.

"गप बसा. उद्या गाड्यांची रांग लागंल. झोपू द्यायची न्हाईत त्याला."

मग थंडीभर ते ग्रुपवर एवढंच लिहीत: "कळंब्याला धोबी पक्षी दिसला." मंडळी चिडवायची, "धोबी तर कुणालाही दिसतो. साहेब, चष्मा बदला." हे लालबुंद होत, बोटं उगारत, माझ्याकडे बघत आणि बोटं गुपचूप मांडीवर ठेवत. तो प्रयोग बघायला मी न चुकता कॅफेत जायचो.

उन्हाळा लागला, घुबड उत्तरेला गेलं. त्याच संध्याकाळी त्यांनी लिहिलं, "माळावर आखूड कानाचं घुबड आलतं. थंडीभर हुतं. आता गेलं."

"फोटो कुठाय?" लगेच कुणीतरी विचारलं.

उगारलेली बोटं अखेर कीबोर्डावर कोसळली. "झोपलेल्या पावण्याचा फोटू काढत्यात व्हय?"