कुंकू लावलेला स्पीकर

बारामतीच्या मंडईत मी गवार निवडत होते, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, आबा गेलं गं..." एवढंच बोलला आणि पुढं नुसते हुंदके. आबा म्हणजे माझे दाजी, अक्काचे मालक. जेवून दुपारचे जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. गवार तिथंच टाकून मी अक्काच्या गावची, अंथुर्ण्याची एसटी धरली. वाटेत दाजींचा चेहरा डोळ्यांपुढं यावा की नाही? तर सारखं येत होतं अक्काचं कपाळ. आमचे वडील गेले तेव्हा आईचं रुपयाएवढं कुंकू बायकांनी मिळून पुसलं होतं. मी लहान होते, दाराच्या चौकटीला धरून बघत होते. बघता बघता आईचा चेहरा परका झाला, तो पुन्हा कधी आपला वाटलाच नाही. आता तेच अक्काचं होणार, या विचारानं मला दाजींसाठी धड रडूही येईना. उलट रागच आला त्यांचा. असं न सांगता उठून जातात का माणसं?

मेव्हणी-दाजींचं नातं चेष्टेचं, आणि आम्ही ते आयुष्यभर इमानानं निभावलं. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला 'मास्तरीणबाई' म्हणायचे, तेही अगदी तोंड वाकडं करून. घरचा ऊस बघून एमआयडीसीतल्या डेअरीत नोकरी करायचे, रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन. तरुणपणी एकदा कसलीशी पिशवी द्यायला साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब मोठ्या स्पीकरवर बासरी ऐकत बसले होते. दाजी पिशवी हातात धरून दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी हलेनात. घरी येऊन अक्काला म्हणाले, "अगं, बासरीवाला मधनंच श्वास घेतो, त्यो सुदिक ऐकू आला मला!" अक्का भाकरी थापत होती. म्हणाली, "मग? घेणारच की श्वास. मेला हाय का त्यो?" यावरनं आम्ही दाजींना किती छळलं म्हणून सांगू! पण माणूस विसरला नाही. घराचा स्लॅब झाला, लेकीचं लग्न झालं, नोकरी संपली, आणि एक दिवस कुणाला पत्ता लागू न देता पुण्याला जाऊन तसलंच यंत्र ठरवून आले.

टेंपो आला त्या दिवशी मी तिथंच होते. कमरेएवढे दोन स्पीकर, लाकूड असं गुळगुळीत की हात लावायची भीती वाटावी. सोबत एक जडशीळ अॅम्प्लिफायर आणि तबकड्या वाजवायचं यंत्र. वस्तीवरची माणसं दारात गोळा झाली. "आबा, केवढ्याला पडलं?" याला दाजींचं एकच उत्तर, "चहा घ्या." पुण्याच्या दुकानाचा माणूस सगळं जोडायला आला होता. स्पीकरच्या पोटात काय आहे ते सगळ्यांना दिसावं म्हणून दाजींनी त्याला पुढच्या जाळ्या काढायला लावल्या, आणि तिथंच घोळ झाला. आमच्याकडं नवी वस्तू घरात आली की, मग तो ट्रॅक्टर असो नाहीतर पिठाची गिरणी, तिला हळदकुंकू लागतंच. अक्का ताट घेऊन आली, कुंकवात बोट बुडवलं आणि उजव्या स्पीकरच्या मोठ्या गोलावर बरोब्बर मधोमध दाबून टेकवलं. गोलाच्या मधली ती मऊ टोपी पचकन आत गेली!

"अहो काकूऽऽ!" दुकानवाला असा ओरडला की अक्काच्या हातातला नारळ पडता पडता राहिला. ती पांढरीफटक. तो बिचारा फडकं घेऊन पुसायला धावला, तर दाजींनी त्याचं मनगट धरलं.

"र्‍हाऊ द्या."

"काका, डाग पडेल. वेळ आली तर आख्खा पडदा बदलावा लागेल."

"वाजतंय का न्हाय?"

"वाजेल हो, पण..."

"मग झालं तर. घरच्या लक्ष्मीनं लावलंय ते. पुसायचं न्हाय." आणि अक्काकडं वळून म्हणाले, "नारळ तेवढा भाईर फोड, माझे बाई!"

सगळे हसले. अक्का मात्र कितीतरी दिवस स्वतःला बोल लावत होती, एवढ्या हौसेची वस्तू मी पहिल्याच दिवशी बिघडवली म्हणून. दाजींनी ती जाळी पुन्हा लावलीच नाही. कुंकवाचं बोट तसंच उघडं राहिलं.

त्या खोलीत खुर्ची एकच. दोन्ही स्पीकरच्या बरोबर समोर, कारण म्हणे तिथंच खरं ऐकू येतं. आलेल्याला तिच्यात बसवायचं आणि आपण मागं उंबऱ्यावर बसायचं, ही दाजींची रीत. एकदा शेजारचे भाऊसाहेब आले. "आबा, पोराची हळद हाय. तुमचा साउंड द्या की, ट्रॉली आणतो." लग्नाकार्याला नाही म्हणायची सोय नाही आणि हे तर अंगणात बडवायला निघालेले! दाजी शांतपणे म्हणाले, "साउंड न्हाय येत. नवरदेवालाच हिकडं आणा." आणि खरंच, हळदीनं माखलेला नवरदेव येऊन त्या खुर्चीत बसला. दाजींनी बासरी लावली, तर पठ्ठ्या घोरायला लागला! पण तेव्हापासनं वस्तीवर पायंडाच पडला. हळद लागली की नवरदेवाला आबांच्या खुर्चीत बसवून आणायचं. खुर्चीची गादी आजही पिवळी आहे.

एवढ्या लोकांना बसवलं, पण अक्का कधी त्या खुर्चीत बसली नाही. "मला हितनं ऐकू येतंय," असं स्वयंपाकघरातनं सांगायची. मनात ती चूक सलत असणार. पण वाजायचं थांबलं की पहिली हाक तिचीच, "का हो बंद केलं?" मग दाजी माझ्याकडं बघून डोळे मिचकावायचे.

आमच्याकडं कपाळ पुसायचं ते दहाव्याला. त्या सकाळी बायका अक्काला घेऊन त्याच खोलीत बसल्या होत्या. थोरल्या जाऊबाई ओलं फडकं घेऊन पुढं आल्या. वाईट नव्हत्या हो त्या. ऐन तारुण्यात त्यांचं स्वतःचं पुसलं गेलेलं. "कर बाई मन घट्ट. रीत हाय ती, मीबी केली," म्हणाल्या. मंडईतून निघाल्यापासून मी मनात भाषण जुळवत होते. बायकांना काय काय सुनवायचं, सगळं तयार होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काच उठली. उजव्या स्पीकरजवळ जाऊन उभी राहिली.

"थोरल्या बाई, हे कुंकू माझ्या हातचं. वस्तू बिघडली, तरी यांनी कुणाला पुसू दिलं न्हाय. लाकडाच्या खोक्याचं पुसू दिलं न्हाय त्या माणसानं... अन् माझं पुसू दील व्हय?"

माझं भाषण पोटातच राहिलं. जाऊबाईंनी त्या स्पीकरकडं बघितलं. मग म्हणाल्या, "न्हाय... न्हाय पुसू द्यायचा त्यो." आणि हातातल्या त्या ओल्या फडक्यानं त्यांनी स्पीकरवरची धूळ पुसली. वरनं, बाजूनं, हलक्या हातानं. कुंकवाला कुठंही धक्का न लावता.

परवा मी अंथुर्ण्याला गेले होते. दुपारची जेवणं झाली, भांडी आवरली, आणि पदराला हात पुसत अक्का त्या खोलीत आली. कपाळावर कुंकू होतं. थोडा वेळ घुटमळली, मग त्या पिवळ्या गादीवर जाऊन बसली, पहिल्यांदाच, अगदी पाहुणी बसते तशी अंग चोरून. "लाव गं ती बासरी," मला म्हणाली. तबकडीवर सुई ठेवून मी मागं उंबऱ्यावर बसले, दाजींच्या जागेवर. समोर उजव्या स्पीकरवर ते कुंकवाचं बोट बारीक बारीक हलत होतं. अक्का जरा पुढं वाकून ऐकत होती. मग एकाएकी मागं वळली. डोळे भरून आलेले.

"अगं... श्वास घेतोय की गं त्यो!"