नाथाजीची रेघ

नाथाजी आमच्या रहिमतपूरच्या कॉलेजात गणित शिकवायचा, मी मराठी. गणितात माझा आनंदीआनंद. पण त्याचा तास असला की मी दारात रेंगाळायचो. काय हात होता राव! आधी बहुपदीची मुळं काढायची, मग एका दमात आलेख. वास्तव मूळ आलं की रेघ अक्ष गाठणार. संमिश्र मुळं असली की बऱ्याचदा अक्षाजवळ येऊन, न शिवताच माघारी वळणार. "तितं टेकवायची न्हाई बरं का," तो पोरांना दटावायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरू लागला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मी म्हटलं, "आता कॉम्प्युटरवर दाखव की गड्या. बटण दाबलं की आलेख."

माझ्यावरच खेकसला. "मग मी कशाला हाय? फळा सुटला की मी संपलो रं."

बायको गेल्यापासून त्याला दुसरं होतं तरी काय!

गेल्या श्रावणात त्यानं एक त्रिघाती बहुपदी घेतली. एक मूळ वास्तव, दोन संमिश्र. वळणावर हात हलला आणि रेघ अक्षाला टेकली. तेवढ्यात घंटा झाली, त्याच्या ध्यानात आलं नाही. आठवड्यानं चाचणीत त्यानं तेच गणित दिलं, पोरांना सोपं जावं म्हणून.

पेपर तपासताना त्यानं मला हाक मारली. चेहरा पार उतरला होता. बहुतेकांनी वळणावर रेघ टेकवली होती. क्रांतीनं, वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीनं, तर दोन्ही संमिश्र मुळं अचूक काढली होती आणि मग खोडून तिथं वास्तव मूळ लिहिलं होतं.

त्यानं तिला बोलावलं. "आगं, बरोबर आलेलं खोडलंस का?"

"सर, फळ्यावर तुमी टेकवली होती. मला वाटलं, माझंच चुकलं."

ती गेली आणि नाथाजी ढसाढसा रडला.

"पोरं हसली असती, नकला केल्या असत्या, तरी फळ्यापाशी राहिलो असतो," तो म्हणाला. "पन ही माझ्यावर इश्वास ठेवून सवताचं बरोबर खोडत्यात रं."

दुसऱ्या दिवशी त्यानं भर वर्गात आपली चूक सांगितली आणि खडू क्रांतीच्या हातात दिला. मी दारात होतो. ती पोर रेघ काढताना सारखी मागं वळून त्याच्याकडं बघायची, बरोबर आहे का म्हणून.

"माझ्याकडं बघू नगंस बाळा," तो म्हणाला. "तुझं तुला येतंय."

तरी ती बघतच राहिली. मग तो वर्गाबाहेर निघून आला. परत कधी आत गेला नाही.