भूमध्य समुद्राची मोजणी

निवड करणं ही कला मानली, तर माझे मामा हे त्या कलेतले आमच्या जिल्ह्यातले सर्वांत मोठे कलावंत आहेत. आणि मोठ्या कलावंतांसारखंच त्यांचंही बहुतेक काम अर्धवट राहिलेलं आहे. जूनमध्ये छत्री घ्यायला बाहेर पडले की ती छत्री गणपती विसर्जनानंतर घरी येते. नारळ घेताना ते एकेक नारळ कानाशी धरून हलवतात आणि डोळे मिटून ऐकतात. त्या वेळी दुकानदार बाकीच्या गिऱ्हाइकांना खुणेनेच गप्प बसवतो, कारण मध्ये कोणी बोललं तर मामा पुन्हा पहिल्या नारळापासून सुरुवात करतात. एकदा बाजारात त्यांनी एक सुरमई इतक्या वेळा उलटीपालटी केली, तिचे कल्ले उघडले, तिच्या डोळ्यांत डोळे घालून इतका वेळ पाहिलं, की मासेवाली म्हणाली, "आजोबा, शिजवायचीय ना? का लगीन लावायचंय तिचं?" मामा शांतपणे म्हणाले, "माझ्या लग्नात मी एवढं बघितलं नव्हतं." पिशवी धरून उभ्या असलेल्या मामींनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली, "सात महिने लावले होते यांनी होकार कळवायला. शेवटी माझ्या वडिलांनी मुहूर्त कळवून टाकला."

मामा मोजणी खात्यातून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं कातळावरून आणि बांधांवरून साखळी ओढत त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि निवृत्तीनंतर साखळी खात्याकडे राहिली तरी मोजणी डोळ्यांत राहिली. ते कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात येण्याआधी सांगतात, "ही भिंत पूर्वेला कललीय." माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी होम चालू असताना गुरुजींना उठवून दोन वीत सरकवलं होतं, कारण गुरुजी खोलीच्या मध्यावर नव्हते.

अशा माणसाला माझ्या मामेबहिणीने जर्मनीहून फोनवर सांगितलं, "बाबा, तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. आंबे संपले की दोघं इकडे या. आपण आठवडाभर भूमध्य समुद्रावर राहू. किनारा तुम्ही निवडा." मुलगी इंजिनिअर आहे, हुशार आहे, पण बरीच वर्षं लांब राहिलं की आपला बाप नेमका कसा आहे याचा माणसाला विसर पडतो. तिने हे ऑक्टोबरात सांगितलं. व्हिसाच्या अर्जाला हॉटेलचं बुकिंग जोडावं लागतं, म्हणून जानेवारी संपेपर्यंत किनारा ठरवा, असंही सांगितलं. मामांनी मला त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. "शाळेत इतिहास-भूगोलाचा पेपर एकत्र असायचा," मामा म्हणाले, "तेव्हा तुला यातलं कळलं पाहिजे."

मग रोज संध्याकाळी समुद्राजवळच्या मांडवीतल्या त्यांच्या घराच्या पडवीत आमची बैठक बसू लागली. समोर टॅब, भिंग आणि भूमध्य समुद्राचा नकाशा. या नकाशावर त्यांनी ग्रीसपासून स्पेनपर्यंत एकशे चौदा किनाऱ्यांना लाल पेन्सिलने क्रमांक दिले होते. पहिल्याच आठवड्यात त्यातले निम्मे गेले, कारण मामांच्या लक्षात आलं की तिथे समुद्र वाटेल त्या दिशेला असतो. "हा बघ, एकोणीस नंबर. इथे समुद्र पूर्वेला! म्हणजे सूर्य समुद्रातून वर येणार आणि डोंगराआड बुडणार. संध्याकाळी माणसाने तोंड कुठे करून बसायचं?" समुद्र हा पश्चिमेलाच असतो, ही त्यांची जन्मापासूनची समजूत आहे आणि ती बदलायला युरोप पुरेसा नव्हता. पूर्वेकडचे सगळे किनारे त्यांनी खोडले, दक्षिणेकडचे 'विचाराधीन' ठेवले.

दुसरा हादरा याहून मोठा होता. एका संध्याकाळी मी गेलो तर मामा कपाळाला हात लावून बसलेले. मला वाटलं, कोणाचं काही झालं. "अरे," ते खोल आवाजात म्हणाले, "त्या समुद्राला भरती-ओहोटी नाही." मी म्हटलं, असते थोडीशी, वीतभर वगैरे. "वीतभर! वीतभर तर आपल्या विहिरीचं पाणी वरखाली होतं. ज्याला भरती नाही, ओहोटी नाही, तो समुद्र कसला? तळं ते. खारट तळं!" त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला फोन करून विचारलं की भूमध्य समुद्राऐवजी दुसरा एखादा समुद्र चालेल का. ती म्हणाली, "बाबा, मी रजा टाकलीय."

फोटो बघण्याचाही एक प्रश्न होता. तिकडच्या किनाऱ्यांवरची माणसं फार थोड्या कपड्यांत असतात, आणि मामा तर वाळूचा पोत पाहायला बसलेले. फोटोत अशी एखादी बाई आली की ते सभ्यपणे तिच्यावर अंगठा ठेवत आणि दुसऱ्या बोटाने वाळू दाखवत. आता टॅबवर दोन बोटं ठेवून ती लांब नेली की चित्र मोठं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मामी चहा घेऊन बाहेर यायला आणि इटलीतली एक बाई पडदाभर व्हायला एकच गाठ पडली. मामा घाईघाईने दोन्ही हातांनी तिला झाकायला लागले, तशी ती आणखी मोठी झाली. मामींनी कप खाली ठेवले, टॅबकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाळू बारीक दिसतेय."

मग मामांच्या मनाने घेतलं की हातात प्रमाण किनारा असल्याशिवाय परका किनारा मोजता येणार नाही. त्यामुळे दर रविवारी माझ्या गाडीतून आसपासच्या किनाऱ्यांवर आमचे दौरे सुरू झाले. भाट्याला आम्ही काठी आणि दोरी घेऊन उताराचं माप काढलं. मुरुडला अख्खा दिवस वाऱ्याची दिशा लिहीत बसलो. मालगुंडला मात्र मामांना 'ऊन घेणं' ही क्रिया तपासायची होती, कारण तिकडे लोक मुख्यतः तेच करतात असं त्यांनी वाचलं होतं. भर दुपारी पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट, पायांत मोजे अशा वेशात ते वाळूवर उताणे पडले, चेहऱ्यावर रुमाल घेतला, हात अंगालगत सरळ ठेवले आणि निश्चल झाले. मी शहाळं मिळतंय का बघायला रस्त्यापर्यंत गेलो. परत आलो तर भोवती पंधरा-वीस माणसं जमलेली. "खयचे म्हणायचे? वाहून आले काय?" असं कोणीतरी दबक्या आवाजात विचारत होतं. एक म्हातारी धीर करून वाकली आणि तिने रुमाल उचलून मामांच्या नाकाशी हात धरला. मामा डोळे न उघडता म्हणाले, "अजून सात मिनिटं." म्हातारी जी ओरडली, ती मालगुंडसारख्या कवीच्या जन्मगावाला शोभेल अशा तारस्वरात.

जानेवारीची पंचवीस तारीख आली तेव्हा नऊ किनारे उरले होते, आणि मामांनी त्यांतला प्रत्येक फोनवरून पारखायला घेतला. क्रीट बेटावरच्या एका लहानशा हॉटेलच्या मालकिणीला त्यांनी इंग्रजीत विचारलं की तुमच्या किनाऱ्याचा सर्व्हे नंबर काय. ती बिचारी म्हणाली, आमच्याकडे बारा खोल्या आहेत. "बारा नंबर," मामांनी लिहून घेतलं. वाळू तांदळाच्या कण्यांएवढी की रव्याएवढी, हे इंग्रजीत विचारता येईना तेव्हा ते तिला म्हणाले, मूठभर वाळू फोनजवळ आणून हातातून सोडा, मी ऐकतो. आणि तिने ती आणली! मामा नारळ ऐकतात तसे डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "जाड आहे," आणि खोडायला पेन्सिल उचलली.

तेवढ्यात मामींनी ती पेन्सिल त्यांच्या हातातून काढून घेतली. मामी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. वस्तू काढून घेण्याची त्यांची एक पद्धत आहे, समोरच्याला ती आपणच दिली असं वाटतं.

"मला समुद्रात जायचंय," त्या म्हणाल्या.

"अगं, त्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"तुमचं चाललंय. मला कोणी विचारलं नाही. मला आत जायचंय. गळ्यापर्यंत."

आम्ही दोघं बघतच राहिलो. मामी लांज्याच्या आतल्या एका गावच्या. लग्न होऊन मांडवीत आल्या तेव्हा त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. घरापासून पाच मिनिटांवर समुद्र, आणि चाळीस वर्षांत त्यांची साडी घोट्याच्या वर भिजली नव्हती. "इथे कशी जाऊ?" त्या म्हणाल्या. "पाऊल टाकलं की 'बाई, नमस्कार!' पुळणीवर वाळूत बसून भेळ खाताना सुद्धा तीन विद्यार्थिनी आणि दोन पालक भेटतात. मुख्याध्यापिका बाई निथळत बाहेर येतायत, हे गावाने बघायचं? आधी नोकरी होती. मग वाटलं, आता या वयात काय. आपली लेक म्हणाली ना, भूमध्य समुद्र, तेव्हा मला एवढंच वाटलं की तिथे मला कोणी ओळखत नाही. वाळू जाड का बारीक, सूर्य कुठे बुडतो, मला काही नको. पाणी असलं की पुरे."

मामा नकाशाची घडी करू लागले. घडी नेहमी काटकोनात घालणारा हा माणूस त्या दिवशी ती कशीही घालत होता. फोन अजून चालूच होता आणि पलीकडून ती मालकीण "हॅलो, हॅलो" करत होती. मामांनी फोन उचलला आणि तिला म्हणाले, "मॅडम, दोन खोल्या. जून."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर मामा, डोक्यावर मुलीने आणलेली गवताची टोपी, आणि एका हातात मामींच्या चपला. मी कसा आहे वगैरे न विचारता त्यांनी अहवाल सुरू केला. वाळू जाडच निघाली. उतार एकदम आहे, तीन पावलांत कमरेएवढं पाणी. पाणी इतकं स्वच्छ की माणसाला आपलीच बोटं दिसतात, हे बरं नव्हे, समुद्राने थोडं झाकून ठेवावं. लाट म्हणावी अशी एक नाही. बोलता बोलता ते थांबले. "गेली," म्हणाले. मी विचारलं, कोण? "ही. आत गेली. अरे, गुडघ्यावर पाणी आलं... आता कमरेला आलं..." आणि मग त्यांचा हात खाली गेला आणि मला नुसतं आभाळ दिसायला लागलं.

मला काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. पाण्याचा आवाज, मामेबहिणीचं "आई, हात सोड, तरंग!" आणि मग अचानक एक वेगळाच, तरुण बाईचा आवाज, स्वच्छ मराठीत किंचाळला, "अय्या! बाई, तुम्ही?"

मामा पुटपुटले, "मेलो. हिची कोणीतरी विद्यार्थिनी आली." नवऱ्याबरोबर फिरायला आलेली ती मुलगी एकेकाळी मामींच्या शाळेत दहावीच्या 'ब' तुकडीत होती, हे मागाहून कळलं. मग पाण्यातून मामींचा आवाज आला. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. "बघत काय उभी राहिलीस गं? पाणी छान आहे. ये आत!"

आणि त्या हसल्या. मी माझ्या मामींना चाळीस वर्षं ओळखतो, पण तसं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दोघं परत आल्यावर मी मुद्दाम मामांना छेडलं. म्हटलं, मग काय, किनाऱ्याची निवड चुकलीच म्हणायची. मामा नुसतं "हं" म्हणाले आणि चहा पीत राहिले. या वर्षी मामेबहिणीने पुन्हा विचारलं, बाबा, यंदा कुठे? एवढ्याशा प्रश्नावर मी जागेवर सावरून बसलो, पण मामा म्हणाले, "तिथेच." एवढंच. विचार करायला एक घोटही घेतला नाही.

तेव्हापासून मला संध्याकाळी फारसं काम नसतं. मामा आणि मामी हल्ली पाचच्या सुमाराला दोन टॉवेल घेऊन भाट्याच्या बाजूला निघतात. मला कोणी बोलवत नाही आणि मीही विचारत नाही. मी कधी कधी त्यांच्या रिकाम्या पडवीत जाऊन बसतो. समोर मांडवीचं पाणी ओसरत असतं, आणि मला उगीच वाटतं, स्पेनकडचे ते चार-पाच किनारे आपण जरा घाईनेच खोडले.