अण्णांच्या नावाचा ट्रॅक

नाटकमंडळींत तिला सगळे साउंडवाल्या वहिनी म्हणायचे. वहिनी, कारण तिचा नवरा या मंडळींचा जुना दोस्त, त्यांच्या नाटकांची प्रकाशयोजना करणारा. आणि साउंडवाल्या, कारण नाटकात वीज कडाडो, आगगाडी सुटो की नायिका रडताना मागून सूर उमटो, ते सगळं तिच्या घरातल्या एका खोलीतून निघायचं. खोली मूळची अडगळीची. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराला जाड रजई, टेबलावर संगणक आणि त्याच्यापुढे पेटीसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद आणि शेजारच्या स्वयंपाकघरातली फोडणीही बंद. "हिच्या कलेपायी आम्ही कच्चं खातो," असं नवरा आल्यागेल्याला सांगायचा.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे अण्णा, तिचे सासरे. त्यांची उभी हयात नाटकांच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवण्यात गेली. वादकांची जागा रंगमंचापुढच्या खड्ड्यात, त्यामुळे त्यांचा सूर गावभर ओळखीचा आणि चेहरा कुणाच्याच नाही. पुढे वाद्यवृंद मोडले, रेकॉर्ड केलेलं संगीत आलं. ते आता आपलीच सून करते, याचा त्यांना राग नव्हता. "पोटावर पाय आला तो घरच्या माणसाचा, हे काय कमी आहे?" असं म्हणून तेच खो खो हसायचे.

त्या वर्षी मंडळींनी दीपगृहाच्या म्हाताऱ्या राखणदारावर नाटक बसवायला घेतलं. दिग्दर्शक घरी आला आणि चहा हातात घेतल्या घेतल्या म्हणाला, "वहिनी, शेवटच्या प्रवेशात मला अण्णांची क्लॅरिनेट हवी. एकटी. दुसरं काही नको."

अण्णा वर्तमानपत्रामागे होते. वर्तमानपत्र हललं नाही, पण कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी भाजीवालीपासून वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेपर्यंत सगळ्यांना बातमी कळली होती.

अडचण एवढीच होती की अण्णांना कवळी लागून दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून वाद्य पेटीतच होतं. मायक्रोफोनसमोर बसल्यावर ते कळलं. ओठांची पकड सुटे, कडेने हवा फुसफुसे आणि वरचा सूर फाटे. अण्णा थांबत, कवळी दाबून बसवत, पुन्हा सुरू करत. कपाळावरून घाम निथळत होता. शेवटी त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं.

"कसं झालं?"

"छान झालं, अण्णा."

"मधे जरा घसरलं का गं?"

"छे! जरा सांधलं की काम झालं. तुम्ही काळजीच करू नका."

अण्णा समाधानाने उठले. ती मात्र त्या फाटक्या सुरांसमोर डोकं धरून बसली. सांधायला धड तुकडे तरी हवेत! खरं सांगावं तर म्हातारा माणूस मोडून पडेल. न सांगावं तर नाटक पडेल. तिने मधली वाट काढली. अण्णांची चाल तिने स्वतः कीबोर्डवर वाजवली आणि सॉफ्टवेअरमधल्या सिंथेसायझरला क्लॅरिनेटचा आवाज लावला. आवाज हुबेहूब, पण निर्जीव. मग तिला एक युक्ती सुचली. अण्णांच्या रेकॉर्डिंगमधले नुसते श्वास तिने कापून घेतले आणि दोन ओळींच्या मधे एकेक बसवला. वाजवून पाहिलं तर अंगावर काटा आला. साक्षात अण्णा!

तोवर तिच्या मनाला फारसं काही वाटलं नव्हतं. श्वास सोडले तर संगणकात फक्त कुठली पट्टी कधी दाबायची एवढंच नोंदलेलं होतं. आवाज सिंथेसायझर दर वेळी नव्याने काढायचा. जणू कच्चं काम, केव्हाही पुसता येईल असं. पण नाट्यगृहाच्या संगणकावर तो सिंथेसायझर नव्हता. तिथे हे वाजायचं तर त्यातून निघणारा आवाज ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड करून घेणं भाग होतं. तिने नवा ट्रॅक उघडला, सिंथेसायझरचा आवाज श्वासांसकट त्यात वळवला आणि लाल बटण दाबलं. चाल आपल्या संथ गतीने वाजत राहिली आणि पडद्यावर लहरी उमटत गेल्या, माणसाने वाजवल्यावर उमटतात तशाच. आता कुणी कितीही निरखून पाहिलं तरी हे यंत्राचं आहे हे कळणार नव्हतं. ट्रॅकला नाव द्यायची वेळ आली तेव्हा तिचा हात क्षणभर अडखळला. मग तिने लिहिलं, 'अण्णा'. आणि कुणी पाहत नसतानाही मागे वळून दाराकडे पाहिलं.

पहिल्या प्रयोगाला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले. ती मागे, ध्वनीच्या टेबलाशी. शेवटचा प्रवेश आला, दिवा मालवला आणि काळोखात क्लॅरिनेट सुरू झाली. तिला अण्णांची पाठ दिसत होती. पहिल्या ओळीला ती ताठ होती. दुसऱ्या ओळीला खांदे हळूहळू खाली आले. मग अण्णांनी मान वळवली आणि काळोखातून सरळ तिच्या दिशेने पाहिलं. तिला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकाने अण्णांना रंगमंचावर बोलावलं. "या वयातला हा दमसास!" म्हणत पुष्पगुच्छ दिला. सगळं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा लोक अण्णांचा चेहरा पाहत होते. अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं आणि हात जोडले.

घरी येताना नवराच तेवढा बोलत होता. घरात शिरल्यावर अण्णांनी पुष्पगुच्छ जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि ते तिला म्हणाले, "श्वास तेवढे माझे ठेवलेस."



"कसला श्वास?" नवऱ्याने विचारलं.

"अण्णा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी..."

"वाईट वाजवलं होतं, तर वाईट आहे म्हणायचं. मला काय आयुष्यात कुणी शिव्या घातल्या नाहीत? पण माझी कीव केलीस तू." ते खुर्चीत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आणि मी तरी काय केलं? 'हे मी वाजवलेलं नाही' एवढं तोंडातून निघालं नाही माझ्या. टाळ्या गोड लागल्या गं. तुझ्यापेक्षा मीच मोठा चोर."

त्यांनी ओरडायला हवं होतं, असं तिला वाटलं. ओरडले असते तर उलट उत्तर तरी देता आलं असतं.

सकाळ होताच तिने दिग्दर्शकाला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला. "भारी! मलासुद्धा कळलं नाही. मग बिघडलं कुठे? लोकांना कुठे कळतंय?"

"त्यांना कळलं," ती म्हणाली. "पुढच्या प्रयोगाला त्यांचं नाव घेऊ नका. संगणकावर केलंय असं सांगा. माझं नाव घ्या."

"वहिनी, कशाला उगाच उकरून काढता?" असं तो म्हणत राहिला. पण ती हटून बसली. पुढच्या प्रयोगाला तशी घोषणा झाली. शेवटचा प्रवेश तसाच रंगला, कुणी मधे उठून गेलं नाही. पण नंतर क्लॅरिनेटबद्दल विचारायलाही कुणी आलं नाही. भाजीवालीने मात्र अण्णांना विचारलं, "काय हो, तुमचं नाव काढलं म्हणे?" अण्णा म्हणाले, "काढलं नाही, परत घेतलं." सून अण्णांच्या मागेच पिशवी धरून उभी होती. तिची कानशिलं तापली.

त्यानंतर घरात भांडण असं कधी झालं नाही. अण्णा तिच्याशी पूर्वीसारखेच बोलतात, चेष्टाही करतात. फक्त एक नवी सवय त्यांना लागली आहे. सदरा शोभतोय, असं ती म्हणाली किंवा आज तब्येत बरी दिसतेय असं म्हणाली की ते चष्म्यावरून तिच्याकडे पाहतात आणि विचारतात, "खरं?"

विचारताना त्यांच्या आवाजात टोमणा नसतो. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असतं. "खरंच, अण्णा," ती म्हणते आणि नजर खाली जाऊ नये म्हणून धडपडते. दर वेळी ती खाली जातेच.