चाचांनी पसंत केलेलं मशीन

चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणायचे. बाजारात आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या ओट्यावर चाचा बसायचे. विकल्या गेलेल्या भांड्यावर नाव टाकून देणं हे त्यांचं काम. लग्नातली परात असो की आहेरातला पेला, नाव टाकल्याशिवाय भांडं घरी न्यायचं नाही अशी आमच्याकडची रीत. पंगतीला भांडी गावभर फिरतात, आणि परत येताना ओळख पटते ती नावावरूनच. चाचा मांडीत भांडं धरायचे, छोट्या छन्नीवर छोटी हातोडी टकटक चालायची आणि टिंबाला टिंब लागून नाव उमटायचं. ते आमच्या नात्याचे ना गोत्याचे ना धर्माचे, पण बाप मारायला धावला की मी त्यांच्याच पाठीमागे लपायचो.

मॅट्रिक होऊन मी दोन वर्षं नुसता उंडारत होतो. त्या काळी गावोगावी हुतूतूचे सामने आणि भजनाच्या स्पर्धा जोरात होत्या, पण बक्षिसाची ढाल नागपूरहून आणावी लागे. गोंडपिपरीच्या एका सामन्यात ती वेळेवर पोचलीच नाही. जिंकलेल्या गड्यांच्या हाती नारळ देऊन मंडळींनी ‘ढाल मागाहून’ असं जाहीर केलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. ढाली आणि कप आपणच विकावे, त्यांवरची नावं आपणच कोरावी, आणि त्यासाठी नागपुरातून एक जुनं मशीन आणावं.

नुसत्या ढालींवर पोट भरणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सामने चार महिने चालणार. बाकीचे दिवस लग्नाच्या भांड्यांवर काढायचे, म्हणजे चाचांच्या कामावर. आणि मशीनमधलं तर मला ओ की ठो कळत नव्हतं. धातूवरची रेघ ओळखणारा माणूस चांद्यात एकच होता. ज्याच्या पोटावर पाय द्यायचा, त्यालाच मशीन पसंत करायला सोबत न्यायचं असं मी ठरवलं. ठरवताना लाज वाटली नाही. ती नंतर आली, आणि आली ती कायमची.

“चाचा, तुमच्या कामाले मी हात नाई लावत. फक्त ढाली अन् कप,” मी ओट्यावर बसून म्हणालो.

“मी कुठी काई म्हटलो, बाबू?” चाचा हातातलं भांडं पुसत म्हणाले. “कवा जाचं ते सांग.”

न मागता दिलेला भरवसा खोटा असतो, हे मला पुढं आयुष्यानं बरेचदा शिकवलं. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

नागपुरात एका व्यापाऱ्याकडे दोन मशीनं होती. दोन्हींची तऱ्हा एकच. पितळेच्या पट्टीवर मोठं अक्षर खोल कोरलेलं असतं. एका बाजूची सुई त्या अक्षरातून फिरवायची, की दुसऱ्या बाजूची टोकदार नोक तेच अक्षर लहान करून धातूवर ओढत जाते. पहिलं मशीन नव्यानं रंगवलेलं, चकचकीत होतं. मी तिथंच भाळलो. हेच घ्यायचं असं बोलूनही गेलो, तेही व्यापाऱ्यासमोर, म्हणजे भाव करायची वाट मीच बंद केली.

चाचांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी खिशातून पत्र्याचा तुकडा काढला आणि व्यापाऱ्याला एकाच रेघेवरून तीनदा नोक फिरवायला सांगितली. मग त्या रेघेवरून अंगठ्याचं नख हळूच ओढलं.

“एका रेघेच्या तीन रेघा झाल्या,” ते म्हणाले. “सांधे ढिले हायेत. रंग मारला म्हणून हड्डी थोडीच घट्ट होते?”

दुसरं मशीन काळपट, जागोजाग खरचटलेलं होतं. त्याची रेघ तीनदा फिरूनही एकच राहिली. चाचा त्याच्याभोवती बराच वेळ घुटमळले, प्रत्येक स्क्रू पिळून पाहिला. ते मशीन त्यांना आवडलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या मशीनला गोल वस्तू पकडायचा एक शिकंजा होता. मी तो पूर्ण उघडला आणि वितीनं मोजू लागलो. पूर्ण दोन विती भरल्यावर माझा जीव भांड्यात पडला. चाचा बघत होते.

“एवढा मोठा कप कोन्त्या खेळात भेटते?” त्यांनी विचारलं.

“हुतूतूत,” मी म्हणालो. “मोठ्या सामन्यात.”

“अस्सं,” ते म्हणाले, आणि व्यापाऱ्याशी भाव करायला लागले. माझी तिथल्या तिथं बोबडी वळायला हवी होती. उलट, थाप पचली म्हणून मला बरंच वाटलं.

परत येताना आम्ही नागभीडवरून येणाऱ्या, अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बसलो. ती गाडी अंग खिळखिळं करून सोडायची. सांध्यांना हिसके बसू नयेत म्हणून चाचांनी मशीनचा सुई-नोकेचा हात सोडवून स्वतःच्या चादरीत गुंडाळला आणि मांडीवर घेतला. बाहेर धानाच्या बांध्या सरकत होत्या. मी डोकं टेकवून झोपलो. चांदा आलं तेव्हा चाचांनी मला उठवलं. त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, उभं राहायला त्यांना माझा खांदा धरावा लागला.

मशीनसोबत आलेल्या अक्षरांच्या पट्ट्या सगळ्या इंग्रजी होत्या. हे माझ्या लक्षात घरी आल्यावर आलं, इतका मी हुशार. गोंडपिपरीची ढाल काय इंग्रजीत लिहायची? मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तेव्हा चाचाच म्हणाले, “मी कोरून देतो ना. जिंदगीभर तेच केलं.”

महिनाभर संध्याकाळी आपलं काम आटोपल्यावर ते पितळी पट्ट्या कोरत बसायचे. टिंबांची नव्हे, सलग, खोल, गोलाईदार अक्षरं. सगळी मुळाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या. शेवटी सगळं एका फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हाती दिलं. मी पट्ट्या मोजून लावत होतो, तर एक जास्त निघाली. तिच्यावर कोरलं होतं ‘सौ.’

ती मी मागितली नव्हती. कोणत्या ढालीवर, कोणत्या कपावर सौ. लिहितात? ते फक्त लग्नाच्या भांड्यावर लागतं. मग मी स्वतःची समजूत घातली की सवयीनं कोरली गेली असेल. पट्टी खणात तळाशी टाकली. विचारायला ओट्यावर जायचं, तर ते अंतर सात पावलांचं होतं. मी गेलो नाही.

पहिली ढाल गोंडपिपरीलाच गेली आणि नाव झालं. पुढच्या लग्नसराईत एक बाई परात घेऊन आली. चाचांसमोरून ती थेट आत, माझ्याकडे आली. तिला मशीनचं सुबक अक्षर पाहिजे होतं. चाचांनी तिला अडवलं नाही, मीही तिला बाहेर पाठवलं नाही. खणाच्या तळातून ती पट्टी काढली. मग दुसरी बाई आली, मग रांग लागली. ओट्यावरची टकटक विरळ होत गेली. एके दिवशी ओटा रिकामा दिसला. चाचा गावोगावच्या आठवडी बाजारात कल्हई लावत फिरतात, असं कोणीतरी सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि गिऱ्हाईकाकडे वळलो.

दोनेक वर्षांनी लग्नसराईतच चाचा दुकानात आले. तांब्याचा नवा गुंड, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, खांद्यावर घेऊन ते रांगेत उभे राहिले. मी पुढे बोलावलं तर म्हणाले, “येऊ दे ना नंबर माया.” त्यांच्या पुढं तीन बाया होत्या. त्या तिघींची कामं मी एकेक करून उरकली.

नंबर आल्यावर त्यांनी सांगितलं की मुलीचं लग्न ठरलं आहे, जावई बल्लारपूरला कागदाच्या मिलमध्ये आहे.

“तुमच्या हातचं टाका ना, चाचा,” मी म्हणालो. “इथी बसून.”

“पोरीच्या सासरच्यायले मशीनचं पायजे. हातचं जुनं वाटते.”

त्यांनी स्वतःच शिकंजा उघडला, गुंड आत बसवला, स्क्रू पिळला. दोन विती रुंदीचा गुंड नेमका बसला. मी पट्ट्या काढल्या, त्यांच्याच हातच्या. सवयीनं पहिली आली ती ‘सौ.’ची. ती मी जागेवर लावत होतो, तेवढ्यात चाचांनी माझ्या मनगटाला हात लावला.

“ते नको, बाबू. आमच्यात नाई लावत,” ते हळूच म्हणाले. “ते तुयासाठी केलती.”

त्या क्षणी पाय धरायला हवे होते. रांगेत लोक होते. मी फक्त मान हलवली, पट्टी बाजूला ठेवली आणि त्यांच्या मुलीच्या नावाच्या पहिल्या अक्षरात सुई टेकवली. चाचा वाकून रेघ बघत होते, ती एकच येते की नाही ते.