शिबिरात सापडलेला रक्तदाब

"बाई, तुमचाच लई वाढलाय की!"

माझ्या आजाराचं निदान असं सगळ्यांदेखत झालं. श्रीगोंद्याजवळच्या एका गावात आमचं तपासणी शिबिर होतं. यंत्राला घाबरून बायका पुढे येईनात, म्हणून मी पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळून दाखवला. आकडे आले, १७८ आणि १०८. भामाबाई माझ्या जुन्या पेशंट, त्यांनी ते लगेच वाचले.

यंत्र बिघडलं असेल, असं म्हणून मी दुसरं लावलं. त्यावरही जवळपास तेच.

सरकारी डॉक्टर म्हणून माझी सगळी नोकरी गावोगाव रक्तदाबाचे, मधुमेहाचे पेशंट शोधण्यात आणि त्यांच्या गोळ्या चालू ठेवण्यात गेली. काही त्रास नसला तरी दाब वाढलेला असू शकतो, हे सांगून माझं तोंड दुखलं होतं. मलाही काही त्रास नव्हता.

भीती वाटली ती आईमुळे. ती किडनी निकामी होऊन गेली. तिचा दाब वाढलाय हे कळलं, तेव्हा ती डायलिसिसवर होती.

दुसऱ्याच दिवशी नगरला फिजिशियनकडे गेले. ईसीजी झाला, इकोकार्डिओग्राम म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. क्रिएटिनिनसाठी रक्त दिलं. किडनी रक्तातली घाण नीट गाळते की नाही, ते या तपासणीत कळतं. मग रिपोर्टची वाट बघत बसलो. माझे यजमान, संजय, शाळेतून रजा टाकून आले होते.

"अशा वेळी तू पेशंटला काय सांगतेस?" त्यांनी विचारलं.

"घाबरू नका म्हणते."

"मग?"

"काही उपयोग होत नाही त्याचा."

डॉक्टरांनी आत बोलावलं. "मॅडम, किडनी उत्तम आहे. हृदयाचा स्नायू जरासा जाड झालाय, पण औषधानं तो सुधारू शकतो. वेळेवर आलात."

मला रडूच फुटलं. संजयनी रुमाल काढला, पण तो त्यांनाच लागला.

आता रोज सकाळी गोळी घेते. लोणचं, पापड बंद. दाब आटोक्यात आहे आणि झोप छान लागते. हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, काही होत नसलं तरी एकदा तपासून घ्या. त्या आकड्यांनी माझं वाईट केलं नाही, मला वाचवलं.

भिंगारला माझा धाकटा भाऊ विजय गॅरेज चालवतो. तपासणीचं नाव काढलं की "मला काय झालंय?" म्हणून विषय उडवून लावायचा. माझं त्याला कळवलं होतं. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"ताई, दवाखान्यात गेल्तो. माझा पन वाढलेला हाय. किडनी चांगली हाय म्हनले."

माझा जीव भांड्यात पडला. "घाबरलास का रे?"

"व्हय," तो म्हणाला. "पन गोळी घेतली."