या गुंत्यात नवी गाठ नाही

क्रांती कसबा बावड्याची, गोठ्यात वाढलेली. इंजिनिअर होऊन ती शाहूपुरीतल्या एका लहानशा कंपनीत लागली. म्हैस आजारी पडली की मोबाईलवर बटण दाबायचं आणि जवळच्या डॉक्टरला निरोप जायचा, असं त्यांचं अॅप. त्याचा कोड मालक राजवर्धननं उमेदीच्या दिवसांत एकट्यानं लिहिलेला. जाहिरात, डॉक्टर कुठं आहे ते दाखवणारा नकाशा, निरोप, सगळं एकाच फाईलीत एकमेकांत अडकलेलं. आतल्या तुकड्यांची नावं तर ‘टेंप’, ‘टेंप टू’, ‘फायनल खरं’!

एकदा जाहिरातीचा रंग बदलायला क्रांतीनं एक ओळ हलवली आणि डॉक्टरला निरोप जाणंच बंद पडलं. कुणाला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी पेठ वडगावच्या बनाबाई थेट कचेरीत थडकल्या.

"बटण दाबून बोट दुखलं माझं! शेजाऱ्यानं गाडीवरनं डॉक्टर आणला म्हणून म्हस वाचली."

क्रांतीची मान खाली गेली. बनाबाई गेल्यावर राजवर्धन म्हणाला, "बटण तेवढं नीट कर, आन चारा-बाजाराचं नवीन पान जोडायला घे."

"न्हाय सर. आधी हे सोडवणार. निरोपाचं वेगळं, जाहिरातीचं वेगळं. एकाला हात लावला की दुसरं मरायला नको. आन नावं वाचली की कळाय पायजेत."

"चालत्या गाडीला खीळ कशाला?"

"चालतंय का ते बनाबाईंस्नी विचारा की."

"मालक कोण हाय हितं?"

"तुम्हीच. काढायचं तर काढा. पण हाय तोवर ह्या गुंत्यात मी नवी गाठ मारणार न्हाय."

त्यानं काढलं नाही. चारा-बाजाराचं काम मात्र शेजारच्या टेबलावरच्या मोहितला दिलं. क्रांती बटण दुरुस्त करून एकेक भाग सुटा करत राहिली. मोहितनं जुन्या फाईलीत नवं पान घातलं आणि नकाशा गायब झाला. तो हळूच क्रांतीकडं आला.

"तू सुटा केलेला नकाशा दे की."

"देती. पण त्या जुन्या फाईलीत घालणार असशील तर न्हाय."

नकाशा काही परत येईना, तेव्हा शेवटी राजवर्धनच तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. तिनं सुटी केलेली ‘डॉक्टरला निरोप’ नावाची फाईल त्यानं वरपासून खालपर्यंत वाचली. मध्ये एकदाही काही विचारावं लागलं नाही.

"हे माझंच हाय न्हवं?"

"तुमचंच. आता दिसतंय, एवढंच."

तो उठला. "मोहित, चारा-बाजार थांबू दे. हिच्या हाताखाली बस."

वर्षअखेरीच्या शेऱ्यात मात्र त्यानं क्रांतीबद्दल ‘ऐकत नाही’ असं लिहिलं. क्रांतीनं खाली ‘बरोबर आहे’ लिहून झोकात सही ठोकली.